ॲल्युमिनियमची स्ट्रेंग्थ किती? आधी कुठलं ते सांग

परवा रात्री साडेनऊला भाच्याचा फोन आला. चाकणला एका कंपनीत नुकताच डिझाईनला लागलाय. "मामा, ६०६१ ची यील्ड किती धरू? सकाळी रिपोर्ट द्यायचाय." मी विचारलं टेंपर कुठला, तर म्हणाला, "टेंपर म्हणजे? नेटवर २७६ दिसतंय, तेच टाकलंय."

६०६१ हा ॲल्युमिनियमचा एक ग्रेड, टेंपर म्हणजे ट्रीटमेंटनंतरची त्याची अवस्था, आणि यील्ड म्हणजे ज्या ताणाला धातू कायमचा वाकायला लागतो तो ताण. आता २७६ मेगापास्कल हा आकडा खोटा नाही, पण तो ६०६१-टी६ चा आहे, म्हणजे गरम करून पाण्यात विझवलेलं आणि नंतर ओव्हनमध्ये मुरवलेलं ॲल्युमिनियम. तेच ६०६१ नरम केलेल्या अवस्थेत, म्हणजे 'ओ' टेंपरमध्ये घेतलं तर यील्ड साधारण ५५ येते. धातू तोच, केमिस्ट्री तीच, नावातले चार आकडे तेच आणि फरक पाच पटींचा! पुढे बोलता बोलता कळलं की त्याचा ब्रॅकेट टी६ चाच आहे पण त्यावर वेल्डिंग आहे, आणि वेल्डच्या आजूबाजूचा पट्टा उष्णतेने परत नरम होतो, तिथली ताकद जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे त्याने टाकलेला आकडा बरोबर होता, फक्त तो ज्या जागी लावला ती जागा चुकीची होती.

तासभर फोनवर हेच चाललं होतं, म्हणून म्हटलं मटेरियलचा डेटा आणि त्याची सॉफ्टवेअर यावर एकदा नीट लिहूनच काढू, कारण हा प्रश्न फक्त त्याचा नाहीये. कॉलेजात टेबल दिलेलं असतं, त्यात स्टील एक ओळ, ॲल्युमिनियम एक ओळ, तांबं एक ओळ, आणि पोरं तेच मनात घेऊन बाहेर येतात.

घरी भात लावताना आई पहिलं काय विचारते? तांदूळ नवा की जुना. नव्याला पाणी कमी लागतं, जुन्याला जास्त, आणि हे न विचारता पाणी ओतलं तर गिच्च गोळा होणार हे तिला पक्कं माहीत असतं. 'तांदळाला पाणी किती' या प्रश्नाला जसं एक उत्तर नाही तसंच 'ॲल्युमिनियमची स्ट्रेंग्थ किती' यालाही नाही. मटेरियल डेटाचं सॉफ्टवेअर म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. आकडा शोधून देणं हे त्याचं सोपं काम. त्या आकड्याला चिकटलेल्या अटी सुटू न देणं हे खरं काम.

आकडा मुळात येतो कुठून ते बघू. युटीएम मशीन बघितलं असेल, म्हणजे ताणून तोडायचं मशीन. मधे बारीक आणि दोन्ही टोकांना जाड असा नमुना त्यात पकडतात, हळूहळू ओढतात, किती जोर लागला आणि किती लांबला हे नोंदवत जातात, शेवटी धाडकन आवाज होऊन तुकडा तुटतो. आपल्याकडे ही टेस्ट आयएस १६०८ प्रमाणे करतात, अमेरिकन पद्धत एएसटीएम ई८. आता एकाच बारमधून दहा नमुने कापले तरी दहा आकडे सारखे येत नाहीत, थोडे वरखाली होणारच. मग टेबलात कुठला छापायचा? सरासरी छापली की त्याला 'टिपिकल' म्हणतात, आणि नेटवर सहज सापडणारे बहुतेक आकडे टिपिकल असतात. टिपिकलचा अर्थ नीट घ्या, ढोबळमानाने निम्मे तुकडे त्याच्या खाली असू शकतात! त्यावर पार्ट डिझाईन करणं म्हणजे निम्म्या पार्टचं भवितव्य नशिबावर सोडणं.

विमानवाल्यांनी हा प्रश्न फार काटेकोरपणे सोडवलाय. अमेरिकेत आधी मिलिटरी हँडबुक ५ होतं, आता त्याच्या जागी एमएमपीडीएस आहे, त्यात एकाच मटेरियलला वेगवेगळे 'बेसिस' दिलेले असतात. ए-बेसिस म्हणजे १०० पैकी ९९ तुकडे या आकड्याच्या वरच असतील, आणि हे ९५ टक्के खात्रीने म्हणता येईल. बी-बेसिस म्हणजे १०० पैकी ९०, खात्री तीच ९५ टक्के. एकच पार्ट सगळा भार घेत असेल, तो तुटला की सगळंच गेलं अशी परिस्थिती असेल तर ए घ्यायचा, आणि एक गेला तर शेजारचा सांभाळून घेईल अशी रचना असेल तर बी चालतो. आपल्या ट्रॅक्टरच्या ब्रॅकेटला कुणी ए-बेसिस मागत नाही हे खरं, पण हातातला आकडा किमान आहे की सरासरी एवढं तरी ठाऊक पाहिजेच.

आणि जाडी! आयएस २०६२ या भारतीय स्टँडर्डचं ई२५० हे आपलं रोजचं एमएस, म्हणजे माइल्ड स्टील. नावात २५० आहे म्हणून सगळे डोळे झाकून २५० टाकतात. स्टँडर्ड उघडून बघा, २० एमएमच्या खाली २५०, २० ते ४० मध्ये २४०, आणि ४० च्या वर २३०. जाड प्लेट आतपर्यंत कमी दाबली जाते, थंड व्हायला जास्त वेळ घेते, म्हणून ताकद उतरते. ५० एमएमची बेसप्लेट काढून २५० धरलं तर सेफ्टी फॅक्टरमधले आठ टक्के कुणालाही न कळता गेले. चांगलं सॉफ्टवेअर इथे जाडी विचारतं. साधी एक्सेल विचारत नाही, तिथे 'ई२५०' समोर '२५०' लिहून कुणीतरी दहा वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेला असतो.

आता सॉफ्टवेअर कुठली कुठली. फुकटात आणि पटकन बघायचं तर मॅटवेब, भाचा बहुतेक तिथेच पोचला असणार, आणि खरं सांगायचं तर त्या पानावर टेंपर वरच लिहिलेला असतो, वाचायला हवा एवढंच. जपानच्या एनआयएमएस या संस्थेचं मॅटनेव्ही आहे, नाव नोंदवलं की वापरता येतं, आणि क्रीपसाठी, म्हणजे गरम असताना सतत भाराखाली धातू हळूहळू लांबत जातो त्यासाठी, त्यांच्यासारखा डेटा क्वचित कुठे मिळेल. त्यांची एक क्रीप टेस्ट ४० वर्षांहून जास्त चालली, माणसं रिटायर झाली आणि नमुना लटकलेलाच! मला याचं फार कौतुक वाटतं. प्लास्टिकसाठी कॅम्पस नावाचा डेटाबेस आहे, तिथे वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्रेड एकाच पद्धतीने टेस्ट केलेले असतात म्हणून शेजारीशेजारी ठेवून तुलना करता येते. ग्रेडची समतुल्य नावं शोधायला टोटल मटेरिया, हे पैसे देऊन. आणि मटेरियल्स प्रोजेक्ट म्हणून एक आहे, अमेरिकेतल्या बर्कली लॅबचं, २०११ पासूनचं, फुकट आहे आणि संशोधनासाठी जबरदस्त आहे, पण तिथले बहुतेक आकडे कॉम्प्युटरवर गणित करून काढलेले, निर्दोष स्फटिकाचे असतात. बॅटरीसाठी नवं संयुग शोधताय तर जरूर जा, ब्रॅकेटची यील्ड शोधायला जाऊ नका.

पण मला जास्त वेळ घालवायचाय तो ग्रँटावर, कारण तिथे शोधण्याची दिशाच उलटी आहे. केंब्रिजचे प्रोफेसर माईक ॲशबी आणि डेव्हिड सेबॉन यांनी १९९४ मध्ये ग्रँटा डिझाईन ही कंपनी काढली (केंब्रिजच्या नदीचं जुनं नाव ग्रँटा), २०१९ मध्ये ती ॲन्सिस या ॲनालिसिस सॉफ्टवेअरच्या कंपनीने घेतली. ॲशबींची कल्पना अशी की मटेरियलचं नाव घेऊन आकडा शोधण्याऐवजी आपल्याला काय पाहिजे ते सांगून मटेरियल शोधायचं. एका अक्षावर घनता, दुसऱ्यावर कडकपणा, म्हणजे यंग्ज मॉड्युलस, आणि जगातली सगळी मटेरियल त्या कागदावर फुगे काढल्यासारखी मांडायची. धातू वर उजवीकडे, प्लास्टिक खाली, फोम पार खाली डावीकडे, लाकूड मधे कुठेतरी.

याने काय होतं बघा. समजा हलकं आणि कमी वाकणारं काहीतरी पाहिजे. स्टीलचा मॉड्युलस २१० गिगापास्कल, घनता ७.८५, भागाकार साधारण २७. ॲल्युमिनियम ६९ भागिले २.७, साधारण २६. टायटॅनियम ११० भागिले ४.४३, साधारण २५. मॅग्नेशियम ४५ भागिले १.७४, साधारण २६. सगळे सारखेच! म्हणजे नुसता सरळ ओढला जाणारा दांडा असेल तर वजन कमी करायला स्टीलचं ॲल्युमिनियम करून हाती काहीच लागत नाही. पण दांडा वाकत असेल तर हिशेब बदलतो, तिथे मॉड्युलसचं वर्गमूळ घेऊन घनतेने भागायचं, कारण हलकं मटेरियल तेवढ्याच वजनात जास्त जाड करता येतं आणि वाकण्याविरुद्ध जाडी फार कामाला येते. आता स्टील १.८५, ॲल्युमिनियम ३.१, आणि बांबूचा मॉड्युलस १७ आणि घनता ०.७ च्या आसपास धरली तर तो जातो ६ जवळ. स्टीलच्या तिप्पट! आपल्याकडे इमारतीला परांची बांबूची बांधतात, गुढीला बांबूची काठी लागते, ओझं वाहायच्या कावडीला बांबू असतो, ते काही फक्त स्वस्त म्हणून नाही. ज्या पूर्वजांनी हे निवडलं त्यांना वर्गमूळ माहीत नव्हतं, पण हाताला कळलं होतं, आणि तेच आज चार्टवर रेघ ओढून स्क्रीनवर दिसतं हे मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

याच चार्टवर आणखी एक गैरसमज सुटतो. खूप जण म्हणतात की पार्ट वाकतोय, एमएस काढून ईएन-२४, म्हणजे जास्त ताकदीचं स्टील, टाकू. अरे पण दोघांचा मॉड्युलस जवळजवळ तोच! हीट ट्रीटमेंटने ताकद वाढते, म्हणजे कायमचा वाकायला किंवा तुटायला जास्त जोर लागतो, पण लवचिक वाकणं तेवढंच राहतं. भारी मटेरियलचे पैसे जातात आणि पार्ट तितकाच वाकत राहतो.

आता नावांचा घोळ. आपल्या वर्कशॉपमध्ये ईएन-८, ईएन-१९, ईएन-२४ ही नावं अजून रोज चालतात. ही ब्रिटिश बीएस ९७० मधली जुनी नावं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, खुद्द ब्रिटिशांनी ती केव्हाच बदलली, ईएन-८ चं ०८०एम४० वगैरे केलं. आणि टेस्ट सर्टिफिकेटवर जे 'ईएन १०२०४' लिहिलेलं असतं तो युरोपियन स्टँडर्ड आहे, त्या ईएनचा या ईएनशी काही संबंध नाही, तरी सर्च केलं की दोन्ही एकत्र येतात. ईएन-८ चं आपलं भारतीय नाव ४०सी८, आणि ते नाव स्वतःच बोलतं, कार्बन सरासरी ०.४० टक्के आणि मँगनीज ०.८ टक्के. अमेरिकन जवळचा ग्रेड १०४०, जर्मन टेबलात सी४० किंवा सी४५ शेजारी ठेवतात. सॉफ्टवेअरमध्ये 'इक्विव्हॅलेंट' म्हणून ही सगळी नावं एका ओळीत दिसतात आणि माणूस समजतो की एकच. हे सख्खे भाऊ नाहीत, चुलत भाऊ आहेत. कार्बनची मर्यादा थोडी इकडेतिकडे, सल्फर वेगळं, कुठल्या जाडीपर्यंत हार्डनिंग आतवर पोचतं ते वेगळं. एक्सपोर्टच्या ड्रॉइंगवर ग्राहकाने ३४सीआरएनआयएमओ६ लिहिलंय आणि तुम्ही ईएन-२४ देताय तर त्याला विचारूनच द्या, सॉफ्टवेअरने बरोबरीचं दाखवलं म्हणून परस्पर देऊ नका.

प्लास्टिकला तर स्वतःचा पावसाळा असतो. नायलॉन ६६ हवेतलं पाणी पितं. डेटाशीटवर बहुतेक वेळा दोन रकाने असतात, एक नुकतं मोल्डमधून काढलेलं कोरडं आणि दुसरं २३ डिग्रीला ५० टक्के आर्द्रतेत मुरवलेलं. कोरड्याचा मॉड्युलस ३ गिगापास्कलच्या आसपास असतो आणि मुरवलेल्याचा जवळपास निम्मा. पहिला रकाना मोठा आकडा दाखवतो म्हणून तोच उचलला जातो, आणि मग ती क्लिप जुलैत चिपळूणला गाडीत बसलेली असते, जिथे हवा ५० टक्क्यांच्या कितीतरी वर असते.

बरं, योग्य आकडा सापडला. आता तो ॲनालिसिसच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, आणि इथे मी स्वतः भाजून निघालोय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका पंपाच्या फ्रेमची पहिली नॅचरल फ्रिक्वेन्सी, म्हणजे ती आपणहून ज्या गतीने थरथरते ती, मी ४ हर्ट्झच्या आत काढली होती. फ्रेम चांगली दणकट होती, अपेक्षा १२० ची. दोन दिवस मी मेश तपासत होतो, सपोर्ट तपासत होतो, शेवटी एका सीनियरने डेन्सिटी बघितली. मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये काम करताना वस्तुमान टनमध्ये लागतं, म्हणून स्टीलची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. मी किलोप्रमाणे उणे सहावा घात टाकला होता. वजन हजारपट झालं, आणि फ्रिक्वेन्सी हजारच्या वर्गमुळाने, म्हणजे ३१.६ पटींनी खाली आली. १२० भागिले ३१.६ करून बघा. सॉफ्टवेअर एका शब्दाने तक्रार करत नाही, कारण बऱ्याच सॉल्व्हरना युनिट माहीतच नसतं, त्यांना फक्त आकडे दिसतात. माझं निभावलं कारण उत्तर उघड वेडंवाकडं होतं. १९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून नष्ट झालं ते युनिटच्याच गोंधळात, एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंडात आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन समजत होती. आपल्याकडच्या जुन्या रिपोर्टात अजून किलो प्रति चौरस मिलिमीटर असतं, मेगापास्कल करायला त्याला ९.८१ ने गुणायचं, अमेरिकन केएसआय असेल तर ६.८९५ ने.

अजून एक गोष्ट, धातू कायमचा वाकेपर्यंतचं ॲनालिसिस करणाऱ्यांसाठी. लॅबचा ग्राफ असतो सुरुवातीच्या जाडीवर काढलेला, पण अबॅकससारखं सॉफ्टवेअर मागतं प्रत्यक्ष त्या क्षणीच्या जाडीवरचा, ज्याला ट्रू स्ट्रेस म्हणतात. लॅबच्या ग्राफवर २० टक्के स्ट्रेनला ४०० असेल तर ट्रू स्ट्रेस ४०० गुणिले १.२ म्हणजे ४८०, आणि ट्रू स्ट्रेन १.२ चा नॅचरल लॉग म्हणजे ०.१८२, त्यातून लवचिक भाग वजा करून उरलेला टाकायचा. आणि हे फक्त नमुना मधे बारीक व्हायला लागेपर्यंतच चालतं, त्यापुढे हे सूत्र लागू होत नाही. डेटाबेसमधून कर्व्ह उतरवून घेताना तो इंजिनिअरिंग आहे की ट्रू हे लिहिलेलं नसेल तर तो कर्व्ह वापरू नका, एवढं माझं ऐका.

आता हा डेटा सांभाळण्याचा, म्हणजे 'मॅनेज' करण्याचा भाग, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. मोठ्या कंपन्या ग्रँटा एमआय सारखी सिस्टीम घेतात, तिथे कंपनीचा सगळा मटेरियल डेटा एका जागी असतो, प्रत्येक आकड्यामागे तो कुठल्या टेस्टमधून आला, कुणी तपासला, कधी मंजूर झाला हे असतं, आणि डिझाईनर तिथूनच थेट ॲनालिसिसमध्ये मटेरियलचं कार्ड, म्हणजे त्याचे सगळे आकडे, ओढतो, हाताने टाईप करत नाही. उद्या एखादा आकडा बदलला तर तो कुठल्या कुठल्या प्रोजेक्टमध्ये वापरलाय ते शोधता येतं. याचं मोल कळायला एकदा तरी उलटं अनुभवायला लागतं: सर्व्हरवर 'मटेरियल फायनल', 'मटेरियल फायनल नवीन' आणि 'मटेरियल फायनल वापरा हीच' अशा तीन फाईल, तिन्हीत एकाच स्टीलची यील्ड वेगळी, आणि ग्राहक फोनवर विचारतोय की तुमच्या रिपोर्टातला आकडा कशावरून घेतला. मी त्या मीटिंगमध्ये बसलोय. त्या शांततेत कुणालाही बसायला लागू नये असं मनापासून वाटतं.

भोसरीतल्या वीस माणसांच्या शॉपला ते लायसन्स परवडणार नाही, आणि गरजही नाही. त्यांच्याकडे एक खजिना असतो जो बहुतेक जण फाईलला लावून विसरतात, तो म्हणजे मटेरियलसोबत येणारं टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट. त्यावर हीट नंबर, म्हणजे भट्टीतून एकदा ओतलेल्या धातूचा नंबर असतो, त्या हीटची केमिस्ट्री असते, टेस्ट केलेली यील्ड, यूटीएस (तुटण्याआधीचा सर्वात जास्त ताण), इलाँगेशन (तुटेपर्यंत किती टक्के लांबलं) असतं. पाच वर्षांचे टीसी एका शीटमध्ये भरले तर त्या सप्लायरच्या ईएन-८ ची खरी रेंज समोर येते, जी कुठल्याच वेबसाईटवर मिळणार नाही. भरताना एका ओळीत एकच हीट, ग्रेडचं नाव टीसीवर जसं असेल तसं, कुठली अवस्था म्हणजे नॉर्मलाईज्ड की हार्डन्ड-टेंपर्ड, साईझ, युनिट आकड्याच्या शेजारच्या रकान्यात वेगळं, टीसीचा स्कॅन, कुणी भरलं आणि कधी. इलाँगेशनला गेज लेंग्थ, म्हणजे किती लांबीवर मोजलं ते, लिहायला विसरू नका, छोट्या लांबीवर मोजलं की टक्का जास्त दिसतो, कारण बारीक झालेला भाग त्यात जास्त हिस्सा घेतो. शीटमध्ये बदल करायचा हक्क एका माणसाकडेच ठेवा, बाकीच्यांना फक्त बघायला द्या. आणि टीसीचा आकडा हा त्या एका हीटचा आहे, डिझाईनला मात्र स्टँडर्डचा किमान धरायचा. यावेळी ३१० आली म्हणून पुढच्या लॉटलाही ३१० येईल असं नाही.

भाच्याला मी हेच सांगितलं की आख्खा डेटाबेस करायला जाऊ नकोस, तुझ्या कंपनीत जास्त वापरली जाणारी पाच मटेरियल घे आणि त्यांच्या ओळी आधी नीट भर. त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज केला: "मामा, ६०६१-टी६, एक्स्ट्रूजन, ६ एमएम, वेल्डपासून २५ एमएमच्या आतला भाग वेगळा धरलाय, तिथे वेल्डनंतरची किमान यील्ड लावली. ब्रॅकेट फेल दाखवतोय. वेल्ड बाजूला सरकवू की जाडी वाढवू?"

मी लिहिलं, वेल्ड सरकवून बघ आधी.